पिंग लागतंय, पण कुणाला?

रविवार, रात्री साडेअकरा

भाचा सकाळीच लॅपटॉप घेऊन दारात. डोळे तांबारलेले. "मामा, दोन रात्री यातच गेल्या. माझंच काहीतरी चुकतंय."

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यानं व्हर्च्युअलबॉक्सवर (एका संगणकाच्या पोटात दुसरे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू सर्व्हर या लिनक्स सिस्टिमची एक मशीन बनवली होती, आणि तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून दुसरी. एकीवर वेबसाइट, दुसरीवर डेटाबेस. वेबसाइट डेटाबेसला जोडायला गेली की एकच उत्तर, कनेक्शन नाकारलं. आधी दोन्ही नॅटवर होत्या, म्हणजे प्रत्येक मशीन आपल्या वेगळ्या बंद जाळ्यात. तिथं दोघींचाही पत्ता १०.०.२.१५ आणि एकमेकींना त्या दिसत नाहीत, हे त्याचं त्यानंच शोधलं होतं. मग ब्रिज्ड केलं, म्हणजे दोघींना थेट राउटरच्या नेटवर्कवर आणलं, राउटरला केबल लावली. क्लोन काढताना नवे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे ओळखक्रमांक) घ्यायलाही तो विसरला नव्हता. डेटाबेसच्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.१०७. वेबच्या मशीनवरून त्यानं त्या पत्त्याला पिंग करून (हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघून) दाखवलं, लगेच लागलं. म्हणून तो दोन दिवस डेटाबेसच्या सेटिंग्ज आणि फायरवॉल उलटसुलट करत बसला होता.

माझी नजर पिंगच्या वेळेवर गेली. ०.०३ मिलिसेकंद. दुसरी मशीन त्याच लॅपटॉपच्या पोटात असली तरी तिथपर्यंत जाऊन यायला इतका कमी वेळ लागत नाही. म्हटलं, आता याच मशीनचा पत्ता बघ. तोही १०७! बिचारी स्वतःलाच हाका मारत होती. नाकारणारीही तीच, कारण तिच्यावर डेटाबेस नव्हताच.

मग लॅपटॉपवरून १०७ ला एसएसएच केलं, म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनमध्ये शिरलो, तर वेबचं नाव आलं. बाहेर पडून थोड्या वेळानं पुन्हा केलं, तर डेटाबेसचं. मशीन बदलल्याचा इशारा एकदाही आला नाही, कारण मशीनची ओळख पटवणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्याही क्लोनबरोबर जशाच्या तशा आल्या होत्या.

मॅक वेगळे असताना राउटरनं दोघींना एकच आयपी का दिला? उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) आयपी मागताना ओळख सांगतो ती मॅकची नाही. ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची ३२ अक्षरांची फाइल असते, तिच्यावरून ती ओळख बनते. क्लोनमध्ये तीच फाइल आली. राउटरच्या लेखी दोघी एकच.

हे त्याला समजावलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाईट वाटलं ते याचं, की क्लोन काढायला शिकवणारे बरेच जण मॅक बदला म्हणून बजावतात आणि या फाइलचं नावही काढत नाहीत. पोरं मग स्वतःला दोष देत रात्री जागवतात.

क्लोनमधली ती फाइल रिकामी करायची (उडवायची नाही, रिकामीच ठेवायची) आणि मशीन रीस्टार्ट करायची. उठताना ती नवा आयडी बनवते. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंग्ज) डीएचसीपीची ओळख मॅकवर ठेवूनही भागतं, पण मी मुळाशीच हात घातला. एसएसएचच्या किल्ल्याही नव्या करून घेतल्या. हे सगळं त्यानंच टाइप केलं, मी शेजारी नुसता बसलो होतो.

डेटाबेसला १०८ मिळाला. त्यानं वेबवरून पिंग केलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून मला वेळ वाचून दाखवली, "मामा, ०.६!"