डेबियन ११ वरून १३ : गाडी अडली ती /बूटपाशी

जुन्या डेस्कटॉपवरचं डेबियन ११ (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) थेट १३ वर न्यायचं होतं पण तशी उडी मारता येत नाही, मधे १२ वर थांबावंच लागतं. तर १२ वर पोचलेय, धडपडत.

बॅकअप घेतला, सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्याची यादी) बुल्सआय (११ चं नाव) खोडून बुकवर्म (१२ चं) लिहिलं, आधी साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. पॅकेजेस भराभर बसत होती म्हणून मी उठून गेले आणि परत येऊन बघते तर काम अर्धवट थांबलेलं, खाली एक ओळ, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. अरे पण रूटवर (मुख्य पार्टिशनवर) ४० जीबी रिकामे आहेत की! डीएफ (कुठे किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारून नीट वाचलं तेव्हा दिसलं, /बूट (मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलींची जागा) १०० टक्के भरलेलं. ते २५६ एमबीचं पार्टिशन २०१७ मध्ये डेबियन ९ टाकताना मीच हाताने केलेलं, तेव्हा ऐसपैस वाटलं होतं, आता भोगा.

जागा कोण खातं बघितलं तर कर्नलची (सिस्टिमचा गाभा) फाइल ७-८ एमबीची, खादाड आहे ते इनिटरामएफएस. इतकी वर्षं मला ते कर्नलचंच शेपूट वाटायचं. भानगड अशी की कर्नलला चालू झाल्यावर रूट डिस्क वाचायची असते, आणि डिस्क वाचायचा ड्रायव्हर बऱ्याचदा त्याच डिस्कवर पडलेला, म्हणजे कपाटाला कुलूप आणि किल्ली आत. म्हणून लागतील ते ड्रायव्हर्स बांधून एक गाठोडं /बूटमध्ये ठेवतात, ते आधी मेमरीत उघडतं आणि मग खरी डिस्क माउंट होते. प्रत्येक कर्नलचं गाठोडं वेगळं, माझ्याकडे तीन जुने कर्नल, चौथ्याला जागा कुठून मिळणार.

यूनेम कमांडने चालू कर्नल कुठला ते बघून तेवढा सोडला, बाकीचे दोन ५.१० वाले पर्ज करून मुळासकट काढले (/बूटमधल्या फाइली हाताने उडवू नका, पॅकेज मॅनेजरला पत्ता लागत नाही आणि मग दोघांचा हिशोब जुळत नाही), डीपीकेजीला (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) अर्धवट राहिलेलं कॉन्फिगर करायला लावलं, फुल-अपग्रेड परत चालवलं. ६.१ वर बूट झालं एकदाचं. इनिटरामएफएसच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स मोस्टऐवजी (जवळजवळ सगळे ड्रायव्हर्स) डेप करूनही बघितलं, गाठोडं चांगलंच आटतं, पण त्यात फक्त याच मशीनपुरते ड्रायव्हर्स, उद्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. परत मोस्ट केलं.

एक चूक उशिरा कळली. १२ पासून फर्मवेअर (वायफायसारख्या हार्डवेअरला चालवणारं सॉफ्टवेअर) नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात गेलंय, माझ्या लिस्टमध्ये नुसतं नॉन-फ्री. वायफाय चालू होतं म्हणून शंकाच आली नाही, फर्मवेअर मात्र ११ चंच राहिलेलं. एपीटी या पॅकेज मॅनेजरने सांगितलं होतं, मी वाचलं नाही.

आता १३ च्या रिलीज नोट्स म्हणतात /बूट किमान ७६८ एमबी हवं आणि त्यात ३०० च्या आसपास रिकामे. पार्टिशन वाढवायची कटकट नको म्हणून वेगळं /बूटच मोडीत काढलं, डिस्क एनक्रिप्टेड नाहीये त्यामुळे चालतं. फाइली रूटवर कॉपी केल्या, एफएसटॅबमधली (सुरू होताना कुठली पार्टिशन्स जोडायची त्याची यादी) /बूटची ओळ बंद केली, अपडेट-ग्रब (ग्रब म्हणजे सुरू होताना कर्नलचा मेन्यू दाखवणारा बूटलोडर), रीस्टार्ट, झकास चालू. दोन दिवसांनी ग्रबचा टाइमआउट बदलला तर तो बदलेचना, अर्धा तास कॉन्फिग फाइल घासत बसले. मग ट्यूब पेटली, मशीन जुनं बायोसवालं, ग्रब-इन्स्टॉल केलंच नव्हतं, त्यामुळे ग्रब अजून जुन्या पार्टिशनवरचाच मेन्यू वाचत होता! तसाच १३ टाकला असता तर नवा कर्नल कदाचित मेन्यूत दिसलाच नसता.

ग्रब-इन्स्टॉल केलं, टाइमआउट ३ सेकंदांवर आला. १३ मध्ये /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) डिफॉल्टने रॅममध्ये जातं, निम्म्या रॅमपर्यंत, माझी रॅम ८ जीबी आणि मोठमोठ्या आयएसओ (डिस्क इमेज) फाइली टाकायची सवय तिथेच. आधी त्या हलवते, मग ट्रिक्सी, म्हणजे १३.