एक्स्ट्रा ३००: रंग चढला, शेपूट जड झालं

गणपतीच्या आधी घरी आणलेलं एक्स्ट्रा, म्हणजे रिमोटवर उडवायचं मॉडेल विमान, अखेर गेल्या रविवारी हवेत गेलं. मैदानावर भेटेल तो "कधी उडवताय?" विचारायचा. त्या सगळ्यांसाठी ही नोंद, चुकांसकट.

विमान सेकंडहँड. १.४ मीटर स्पॅन (पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत), बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लाय, मोटर आणि सर्व्होशिवाय (सर्व्हो म्हणजे पंख-शेपटाच्या झडपा हलवणारी छोटी मोटर). छंद सोडलेल्या एकाच्या माळ्यावर पडून होतं. फिल्मला (इस्त्रीने चिकटवायचं प्लॅस्टिकचं आवरण) सुरकुत्या, काउलला (नाकावरचं झाकण) बोटभर तडा, पण फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती पुढची फळी) ठणठणीत. जुनं विमान घेताना मी आधी फायरवॉलला अंगठ्याने रेटून बघतो. ती हलली तर बाकी काही बघायची गरजच नाही.

विंगचं काम फार लांबलं नाही. जुनी फिल्म सोलली, दोन रिब्जना (पंखाच्या फासळ्या) सीए (झटपट चिकटणारा गोंद) दिला, ३२०चा पॉलिश पेपर फिरवला आणि नवी फिल्म चढवली. कडा चिकटवताना इस्त्री साधारण १०० अंशांवर, सगळं बसल्यावर ताणायला १५०च्या आसपास. घाईत आधीच तापवली की कडा सुटतात, हे दरवेळी नव्याने शिकतो.

फ्युजलाजलाही (विमानाच्या धडालाही) फिल्मच लावली असती तर ही नोंद दिवाळीतच आली असती. पण पाठीच्या गोल भागावर फिल्मचे जोड दिसतात आणि मला गाडीसारखी चकाकी हवी होती. हौसेला मोल नाही म्हणतात. वजन मात्र असतं. चौरस मीटरला २५ ग्रॅमचं ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं पातळ कापड) पसरलं, वर इपॉक्सी रेझिन, आणि जुन्या एटीएम कार्डाने जास्तीचं रेझिन ओढून काढलं. कार्ड फिरवताना जाळी नुसती ओली दिसली पाहिजे. चमकायला लागली तर समजायचं की रेझिन जास्त झालंय. काउलचा तडा आतून कापड लावून बुजवला. बाहेरून गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) भरणार होतो, पण ती दगडासारखी जड, म्हणून रेझिनमध्ये मायक्रोबलून (पोकळ, हलक्या कणांची पूड) कालवून तेच भरलं.

मग रंग. नाना पेठेत शेड कार्ड दाखवून पिवळा, पांढरा आणि काळा असा एनसी लॅकर (थिनरमध्ये पातळ करून फवारायचा, झटपट वाळणारा रंग) मिसळून घेतला. पिवळा नुसता मारला तर खालचा राखाडी प्रायमर डोकावतो, म्हणून आधी पांढरा. भाद्रपदातली दुपार, बाहेर भुरभुर पाऊस, गॅलरीत कॉम्प्रेसर. पांढऱ्यात काही कळलं नाही. पिवळ्याचा पहिला हात बसला आणि डोळ्यांदेखत तो दुधाळ पडला, चहावर साय धरावी तसा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग पांढरा पडतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रविवार वाया घालवायचा नव्हता, एवढंच. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा थिनर) घालून वरून एक हलका हात मारला असता तर बहुतेक निभावलं असतं. मी काय केलं? चिडून तसाच आणखी एक जाड हात मारला. तो ओघळला. मग ४००ने घासा, पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा. घरच्यांनी थिनरच्या वासापायी मला दोन दिवस गॅलरीतच जेवायला वाढलं.

काळे पट्टे दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत मारले. मास्किंग टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा, म्हणजे पिवळ्याचा, हलका फवारा मारायचा. झिरपलंच तर पिवळंच झिरपतं, आणि वरचा काळा सुरीने कापल्यासारखा येतो. विंगच्या खालच्या बाजूला फिल्मचेच रुंद काळे-पांढरे चौकोन लावले. माझं आधीचं विमान वरून-खालून सारखंच होतं. ढगाळ संध्याकाळी ते सुलटं आहे की उलटं हे कळेना, मी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटावरची झडप) ओढला आणि ते सरळ जमिनीत गेलं. चौकोन त्यासाठी.

आता हिशेब. रंगाआधी फ्युजलाज ४१२ ग्रॅम, रंगानंतर ४८६. म्हणजे ७४ ग्रॅम नुसती चकाकी, आणि त्यातले अंदाजे ३० ग्रॅम शेपटाकडे, सीजीपासून (विमानाच्या तोलबिंदूपासून) सरासरी ७० सें.मी. मागे. बॅटरी सीजीच्या २५ सें.मी. पुढे बसते. ३० गुणिले ७० भागिले २५, म्हणजे पुढे ८४ ग्रॅम हवेत. बॅटरी काउलला टेकेपर्यंत सरकवली, तरी शेपूट बसलेलंच. नाकात शिसं भरायला मन होईना. शेवटी सहा सेलच्या (६एस) २७०० एमएएच (बॅटरीची क्षमता) पॅकच्या जागी ३३००चा पॅक घेतला, तो साधारण ८० ग्रॅमनी जड. सीजी सरासरी कॉर्डच्या (पंखाची पुढून मागे रुंदी) ३० टक्क्यांवर आला. एकूण वजन २३८० ग्रॅम. १४×७ इंची प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) वॉटमीटरने फुल थ्रॉटलला ५२ अँपिअर दाखवले. एवढ्या वजनाला ताकद भरपूर आहे.

हिंजच्या (बिजागरींच्या) फटी पारदर्शक टेपने बंद केल्या, फेलसेफला (सिग्नल तुटला तर) थ्रॉटल शून्य, लो रेटला (झडपा कमी हलवणारी सेटिंग) ३० टक्के एक्स्पो (स्टिकच्या मधल्या भागात प्रतिसाद मऊ).

लोहगावच्या विमानतळाच्या आसपास उडवायचा प्रश्नच नाही. २०२१च्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' धरलंय, पण म्हणून जागेची बंधनं सुटत नाहीत. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर हिरवं (मोकळं) क्षेत्र बघून सासवडच्या पुढचा माळ गाठला. सकाळचे साडेसात, वारा जवळजवळ नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने उडवणारे काका आले होते. त्यांनी विमानाकडे बघितलंच नाही, आधी म्हणाले, "उजवीकडे दे." मी रिमोटची स्टिक उजवीकडे दिली, आयलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) हलले. "उजवा आयलेरॉन वर, डावा खाली. बरोबर. आता रेंज चेक, आणि मग रंगाचं कौतुक करू."

पाच-सहा मीटरांतच शेपूट उचललं आणि मी एलेव्हेटर द्यायच्या आधीच ते वर होतं. ट्रिम (सरळ उडण्यासाठीची बारीक सुधारणा) म्हणून आयलेरॉनला उजवे दोन क्लिक, एलेव्हेटरला खाली एक, बस. एक्स्ट्राच्या विंगला डायहेड्रल (टोकांकडे वर चढणारा कोन) नाही, सेक्शन (पंखाचा छेद) सिमेट्रिकल, वर-खाली सारखा. कलवलं की कललेलंच राहतं, ट्रेनरसारखं (शिकाऊ विमानासारखं) आपोआप सावरत नाही. वॉल्टर एक्स्ट्राने मूळ विमानच कसरतींसाठी काढलं, ते पहिल्यांदा १९८८ साली उडालं. हात थरथरत असताना मात्र ही महती काही कामाची नसते.

उंची घेतली, ४५ अंशांत चढवून उलटं केलं आणि स्टिक सोडली. नाक हळूहळू जमिनीकडे झुकलं, भसकन नाही. सीजी जमला. चौकोन इतके स्वच्छ दिसत होते की उलट्यात पूर्ण एक फेरी मारली. काका मागून म्हणाले, "श्वास घे."

सरळ वर नेलं की डावीकडे सरकत होतं. मोटर माउंटच्या डाव्या दोन बोल्टखाली पातळ वॉशर घातले, राइट थ्रस्ट (मोटरचा उजवीकडचा कल) वाढला, दुसऱ्या उड्डाणात रेघ बरीच सरळ झाली. नाइफ-एजमध्ये (विमान कुशीवर उडवताना) रडर (शेपटाची उभी झडप) दिला की पोटाकडे ओढतंय. तिथे रडरसोबत आपोआप थोडा एलेव्हेटर मिक्स करायचाय. चार मिनिटांच्या टायमरनंतर बॅटरी चार्ज करताना तिच्यात १९०० एमएएच परत गेले, म्हणजे राखीव पुरेसं आहे.

पहिलं लँडिंग जरा वेगात झालं. एक उसळी, मग ढेकळात डाव्या चाकाचं पँट (चाकावरचं आवरण) अडकलं आणि चर्रकन फाटलं. पॅच मारेन, पण पिवळा पुन्हा फवारणार नाही. फिल्मचा तुकडा लावतोय.