तांदळाची पिशवी

"चप्पल घरीच ठेव," दिदीने पहाटे चारलाच बजावलं. दिदी म्हणजे ऑफिसातल्या मित्राची थोरली बहीण. तो तिला नेवारी भाषेत 'तता' म्हणतो. त्यांची आई माघात गेली. नेपाळातल्या पाटणमध्ये नेवार समाजाच्या घरातलं कोणी वर्षभरात गेलं, की मागे राहिलेले मतयाला चालतात. मत म्हणजे दिवा, या म्हणजे जत्रा. आपल्या पंचांगाने श्रावण वद्य द्वितीया. आदल्या दिवशी सापारू, गाईजात्रा. सा म्हणजे गाय आणि पारू म्हणजे प्रतिपदा, आपल्या पाडव्याचंच भावंड.

माझ्याकडे काम एकच, सहा किलो तांदळाची पिशवी सांभाळायची. दिदीच्या ओच्यातले संपले की भरायचे. गावभर हजाराहून जास्त चैत्य, म्हणजे छोटे स्तूप, आणि प्रत्येकापुढे चिमूटभर तांदूळ, एक वात. कुठे नाणंही.

आळंदी ते पुणे मी एकदा वारीत चालले आहे. तिथे रस्ता पुढे सरकत राहतो, पंढरपूर जवळ येतंय असं वाटतं. इथे जायचं कुठेच नाही. बोळातून बहालात, म्हणजे जुन्या बौद्ध विहाराच्या चौकात, बहालातून दुसऱ्या बोळात, एकामागे एक रांग. तासाभरापूर्वी सोडलेला चौक भलत्याच बाजूने पुन्हा समोर येतो. एका घराच्या तर तळमजल्यातून गेलो. आजीबाई चहा पीत बसल्या होत्या, त्यांनी फक्त पाय आखडून घेतले. मागच्या अंगणात शेवाळलेला, गुडघ्याएवढा चैत्य!

दरवर्षी एकेका टोलाकडे, म्हणजे मोहल्ल्याकडे, यजमानपद असतं, असे दहा टोल. त्यांची वाद्यं कुठेतरी पुढे वाजत होती. मध्येच माराच्या सैन्याची सोंगं घेतलेली पोरं आली, बुद्धाच्या तपात विघ्न आणणारा तो मार. दिदीने एकाला चक्क रांगेबाहेर ढकललं. ती रडेल, मग आपण सावरू, अशी तयारी करून मी आले होते. ती दिवसभर मलाच ओरडत होती, "मूठ नको, चिमूट! चिमूट!"

दुपारी आईच्या माहेरचा बहाल लागला. गच्चीतून एका म्हातारीने दिदीला लहानपणच्या नावाने हाक मारली. दिदीने वर पाहिलंच नाही. वात पेटेना, पावसाने काडेपेटी सादळली होती. चौथी काडी, पाचवी काडी. सकाळपासून ढकलणारी रांग थांबली, आणि मागून कोणीतरी पेटती वात पुढे केली.

अंधार पडल्यावर घरी पोचलो. तळवे सोलवटलेले, मला जिना चढवेना. दिदीने पाय धुवायच्या आधी पिशवी तराजूत टाकली. सव्वा किलो उरले होते.

"बघ," ती भावाला म्हणाली, "म्हणजे कुठेतरी चैत्य चुकलेत."

"तता, ही कंजूषपणे घालत होती," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"ती भरत होती, घालत मी होते." दिदीने पिशवीचं तोंड बांधलं. "उद्या सकाळी जाऊन शोधते."

मी चपला शोधू लागले.