विगिलियाची ड्यूटी

ईशान्य पोलंडमधला पोडलाशे म्हणजे दूधदुभत्याचा मुलूख. तिथे मी धारा काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करतो. २४ डिसेंबरला, विगिलियाला, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, अख्खा देश घरी असतो. एकट्या माणसाच्या गळ्यात इमर्जन्सी ड्यूटी पडते, तशी ती माझ्या पडली.

जेवणाच्या वेळेलाच फोन आला. मशीन सडाला धरत नव्हतं, आणि गाईंना सणवार कळत नाही; धार चुकली की कास तटतटते, मग दगडीची, म्हणजे कास सुजण्याची भीती. जाऊन बघतो तर पाइपात साचलेली ओल गोठून बसलेली, व्हॅक्युम तयारच होत नव्हता. हीट गनने बर्फ वितळवला, एक गॅस्केट बदललं. तोवर अंधार पडला; डिसेंबरात तिथे साडेतीनच्या आतच सूर्य बुडतो.

धारा उरकल्यावर मालक ओपुआतेक घेऊन गोठ्यात आला. ही कागदासारखी पातळ पापडी. माणसांना पांढरी, गुरांना रंगीत. प्रत्येक गाईला त्याने एकेक तुकडा भरवला. आज मध्यरात्री गुरं माणसासारखी बोलतात, पण ऐकायला थांबू नये, ऐकणारा वर्षभरात मरतो, असं त्याने अगदी सहज सांगितलं. मला निघू दिलंच नाही. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी या रात्री एक जास्तीचं ताट मांडतातच.

चादरीखाली वाळलं गवत पसरलेलं टेबल एकीकडे, आणि आजी खिडकीपाशी. कांद्याच्या बारा पाकळ्या ओळीने मांडून ती प्रत्येकीत चिमूटभर मीठ घालत होती. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. सकाळी जिच्यात पाणी सुटलेलं दिसेल तो महिना पावसाचा. मी म्हणालो, आजी, मिठाने कांद्याला पाणी सुटणारच, जाड पाकळीला जास्त.

"असेल बाळा. तुझं यंत्र तरी कुठे रोज चालतं?"

सगळे हसले. मीही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने १३ तारखेपासून पेन्सिलने सूर्य नाहीतर ढग काढले होते. त्या दिवशी संत लुसीचा सण. तिथून विगिलियापर्यंत बारा दिवस, त्यातला एकेक दिवस पुढच्या वर्षाच्या एकेका महिन्याचा. लुसी दिवस वाढवते अशी म्हणही आहे. खरं तर दिवस २१-२२ तारखेपर्यंत आखूडच होत जातो. पण जुन्या ज्युलियन पंचांगात अयनदिन, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, लुसीच्या आसपासच पडायचा. १५८२ मध्ये पोलंडने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, तारखा दहा दिवसांनी पुढे सरकल्या, म्हण मात्र जागेवरच राहिली. आपणही संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतोच की! (तिथे कारण वेगळं, पण घोळ तोच.)

सूनबाईंचं माहेर बेलारूसच्या हद्दीला लागून. त्यांच्याकडे घरातला कर्ता खिडकीशी जाऊन थंडीलाच जेवायला बोलावतो: ये मरोझ, कुत्या खाऊन जा, पण आमच्या पिकाला हात लावू नकोस. कुत्या म्हणजे मध घातलेली गव्हाची खीर, खसखस पेरलेली. मला तर नैवेद्य दाखवून गाऱ्हाणं घातल्यासारखंच वाटलं.

मालकाच्या फोनवर पावसाचं रडार होतं, तरी तो पाकळ्यांकडे वळून वळून बघत होता. मला त्यात गंमत वाटली, खुळेपणा नाही. ॲप दहा दिवसांचं सांगतं. त्याला चाऱ्याची तजवीज वर्षाची करायची असते.

सकाळी त्याने फोटो पाठवला. जूनची पाकळी काठोकाठ भरली होती. खाली लिहिलं होतं: यंदा वाळल्या गवताच्या भानगडीत पडत नाही, मेमध्येच ओलं कापून मुरघास घालतो.