आमची वाटचाल: साडेसव्वीस तासांचा हिशेब

सरकारनं दिलेल्या ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनं नागपूरचं केबल डिजिटल झालं आणि आमच्या दुकानाचं कामच पालटलं. तोवर अ‍ॅम्प्लिफायर, मॉड्युलेटर दुरुस्त करायचो. मग केबलवाल्यांच्या कंट्रोल रूममध्ये लोकल चॅनलचे एन्कोडर, म्हणजे चित्र-आवाज डिजिटल करणाऱ्या मशिनी, बसवू लागलो. अ‍ॅनालॉगच्या काळात लिपसिंकची, म्हणजे ओठ आणि आवाज जुळत नसल्याची, तक्रार घेऊन कुणी येत नसे. डिजिटलमध्ये आवाजाची पाकिटं वेगळी, चित्राची वेगळी. घरचा सेट-टॉप बॉक्स त्यांच्यावरचा पीटीएस, म्हणजे कधी दाखवायचं-ऐकवायचं तो वेळेचा आकडा, वाचतो, पीसीआरवरून (सिग्नलसोबत येणाऱ्या घड्याळाच्या आकड्यावरून) चालणाऱ्या घड्याळाशी ताडतो आणि दोघांची गाठ घालून देतो.

त्याच वर्षी गणेशोत्सवात नागपूरच्या महाल भागातल्या काकांनी, म्हणजे आमच्या पहिल्या गिऱ्हाइकानं, चॅनल प्रथमच चोवीस तास चालवलं. एरवी रात्री मशीन बंद व्हायचं. सोमवारी संध्याकाळी सातला, ऐन आरतीत, चित्र अडकलं आणि आवाज पुढे निघून गेला. एन्कोडर बंद करून चालू केला, सुरळीत. मंगळवारी पुन्हा तेच.

माझ्याच हाताखाली शिकलेला एक डीलर तेव्हा कंट्रोल रूम-कंट्रोल रूम फिरला. ऑडिओ डिले, म्हणजे आवाज किती उशिरा सोडायचा ते सेटिंग, कमीजास्त करून दाखवायचा आणि म्हणायचा, माल हलका आहे. आठ केबलवाल्यांनी मशिनी परत आणून टाकल्या. उधारी बुडाली, दुकान गहाण टाकायची वेळ आली. डिले कशासाठी असतो हे त्याला मीच शिकवलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

काकांनी मशीन काढलं नाही. बिघाडाची वेळ ते कॅलेंडरवर लिहीत गेले: सात, नऊ पस्तीस, बारा दहा. म्हणाले, "भाऊ, हे रोज अडीच घंटे पुढं सरकून राहिलं ना जी." मी तिथेच कागद घेतला. पीटीएस ३३ बिटांचा, सेकंदाला ९०,००० नं वाढतो. दोनाचा तेहतिसावा घात भागिले ९०,०००, म्हणजे ९५,४४३ सेकंद: २६ तास ३० मिनिटं ४३ सेकंद. तिथे आकडा संपून शून्यावर येतो, ते नियमातच आहे. आमच्या एन्कोडरमध्ये आवाजाचा आकडा नीट शून्यावर यायचा, चित्राचा नाही. कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत प्लगला टायमर लावला आणि रोज पहाटे चारला मशीन आपोआप बंद-चालू केलं. विसर्जनापर्यंत एकदाही अडकलं नाही.

नव्या पोरांना सांगतो, तक्रार आली की आधी डिलेला हात लावू नका. माझ्याकडे जुना दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप आहे, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र. एका चॅनलला टीव्हीच्या पडद्यावर चिकटवलेला फोटोडायोड (उजेड ओळखणारा भाग), दुसऱ्याला स्पीकरचा आवाज. मग झगमग-बीपची, म्हणजे उजेड आणि बीप एकदमच होणारी, टेस्ट क्लिप लावा. फरक मोजा, तासाभरानं परत मोजा. तेवढाच राहिला तर डिले, वाढत गेला तर घड्याळ बघा. आणि आवाज पुढे राहू देऊ नका. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीटी.१३५९ शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळतं, मागे मात्र १२५ पर्यंत कळत नाही. मारबतीच्या मिरवणुकीत लांबचा ढोल बघा, टिपरू आधी दिसतं, ठोका मागून येतो. कानाला तीच सवय आहे.

नंतरची वर्षं काम मिळत गेलं, फारसं सांगण्यासारखं नाही. काकांचं चॅनल आजही आमच्याकडेच आहे. त्या आठांपैकी तिघं परत आले. पाच जण अजून त्या डीलरकडेच आहेत, आणि हलक्या मालाची गोष्ट त्यानं आजवर मागे घेतलेली नाही.