भर मे महिन्यात आहुप्याच्या देवराईत

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या कड्यावर असलेल्या आहुप्याला लोक जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये. धुकं, धबधबे, कड्यावरून उलटं उडणारं पाणी, सगळं खरं आहे. पण देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, बघायची असेल तर माझं मत मे महिन्याला. पावसाळ्यात अख्खा सह्याद्रीच हिरवा, त्यात देवराई कुठे सुरू होते नि कुठे संपते हे नवख्याला कळतही नाही. मे महिन्यात आजूबाजूचे डोंगर पार करपलेले असतात आणि त्यांच्या मधोमध एक काळपट हिरवा पट्टा उठून दिसतो. विचारायची गरजच पडत नाही.

मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता. पुण्याहून साडेतीन-चार तास धरा, आणि नाश्ता घोडेगावातच उरकून घ्या. डिंभे धरणाचं पाणी या दिवसांत खूप खाली गेलेलं असतं. काठावर भेगाळलेला गाळ, त्यात कुठेकुठे हिरवी वाळकं-काकड्या लावलेल्या. ज्याच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. सोबतच्या मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. ती पुढचा बराच वेळ खिडकीतून पाण्याकडेच बघत बसली.

गावात शिरलो तर प्रत्येक अंगणात हिरडा वाळत घातलेला. हा बाळहिरडा, म्हणजे आत बी धरायच्या आधीच झाडावरून उतरवलेलं कोवळं फळ. ताजा असताना हिरवट पिवळा, उन्हात चार-सहा दिवस पडला की काळाकुळकुळीत आणि सुरकुतलेला. एका अंगणात आजी पायाने हिरडा खालीवर करत होत्या. मी एक उचलून तोंडात टाकला. जीभ, गाल, टाळा, सगळं एकदम आवळलं गेलं. आजी हसल्या नि म्हणाल्या, “आता पानी पी. ग्वाड लागंल.” खरंच लागलं. तांब्यातलं साधं पाणी साखर घातल्यासारखं गोड.

या भागातल्या महादेव कोळी आदिवासी कुटुंबांच्या हातात वर्षाकाठी जो काही रोख पैसा येतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा. भाताचं पीक घरच्या पोटाला जातं, हिरडा बाजारात. औषधाला जातो, कातडी कमवायला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडं मुळासकट आडवी झाली. भात गेला तर पुढच्या पावसात पुन्हा लावता येतो. हिरड्याचं झाड फळाला यायला किती वर्षं जातात, ते आजींनी बोटं न मोजता नुसता हात हवेत फिरवून सांगितलं. भरपाईसाठी लोकांना पुढे आंदोलनं करावी लागली.

“देवाच्या रानातला हिरडा पण काढता का?” मैत्रिणीने विचारलं.

आजींनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढे काही विचारलंच नाही.

देवराई भैरवनाथाची. गावापासून चालत थोडं अंतर, पण साडेअकराच्या उन्हात तेवढंही पुरे झालं. रस्त्याची फुफाट्याची धूळ, निष्पर्ण आईन, वाळकं गवत. आणि मग एका पावलात सावली. हळूहळू गडद होत जाणारी नाही, तर सरळ एक रेघ: अलीकडे ऊन, पलीकडे राई. वाट दाखवायला सोबत आलेल्या गावातल्या मामांनी वहाणा काढल्या, म्हणून आम्हीही काढल्या. अनवाणी पायाला पहिली जाणीव झाली ती ओलाव्याची. वरचा पाचोळा कुरकुरीत वाजतो, पण पाऊल रुतलं की खालचा थर गार, दमट. मी बोटाने थोडा उकरून बघितला. वरची पानं अखंड, त्याखालची नुसत्या शिरांची जाळी झालेली, आणि त्याहून खाली काळी भुसभुशीत माती, तिच्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. मे महिन्यात हा ओलावा टिकतो तो वरच्या छतामुळे. अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, हिरडा, आंबा यांच्या फांद्या वर अशा एकमेकींत घुसलेल्या की आकाश सलग कुठेच दिसत नाही. उन्हाचे कवडसे पडतात तेही तळहाताएवढे.

बघायला यावं ते मात्र गारंबीसाठी. ही महावेल. जमिनीवरून सरपटत येते, एका खोडाला विळखा घालून वर जाते, तिथून दुसऱ्या झाडावर, तिथून पुन्हा खाली. मोटेच्या नाड्यासारखा पीळ पडलेला, आणि जाडी माझ्या मांडीहून जास्त. वेलीचं मूळ कुठलं आणि शेंडा कुठला, हे शोधायच्या नादात आम्ही दोघी माना वर करून गोल गोल फिरत राहिलो. तिच्या शेंगा हातभर लांब, कधी त्याहूनही मोठ्या, आणि प्रत्येक बीच्या जागी खाच पडलेल्या. खाली एक फुटलेली शेंग पडली होती. आतली बी चपटी, तपकिरी, गुळगुळीत, दगडासारखी टणक. या बिया समुद्रात तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. इथल्या बीला मात्र त्यासाठी फार लांबचा फेरा पडेल, कारण आहुप्याजवळ उगम पावणारी घोड नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इथून किती जवळ!

बी मी पुन्हा पाचोळ्यात ठेवली. मामा बघत होते.

देवराईला “माणसाचा हात न लागलेलं जंगल” म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. इथे शेंदूर लावलेले दगड आहेत, देऊळ आहे, पायवाट आहे, माणसांचा सतत वावर आहे. हात लागलेला आहे, फक्त त्या हातात कोयता नाही. वाळलेली काटकीसुद्धा घरच्या चुलीला न्यायची नाही, हा नियम. गावागावाचे नियम थोडे वेगवेगळे, पण सह्याद्रीत कोळशासाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले तेव्हा अशा नियमांनीच ही रानं वाचली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून पाहिल्या, त्यांवर लिहिलं, म्हणून आपल्यासारख्या शहरी लोकांना त्यांची किंमत कळली. गावाला ती आधीपासूनच माहीत होती. देवाची भीती म्हणा किंवा शहाणपण म्हणा, मामांना त्यात फरक करायची गरज वाटत नव्हती. अलीकडे मोठमोठ्या देवळांच्या हौसेपायी काही ठिकाणी राईच तोडली जाते, तेव्हा मात्र कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

दुपारी शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दिसणार नाही, हे मामांनी आधीच सांगितलं होतं. ऐन उन्हात ते पडून असतं. घरटी मात्र दिसली, काटक्या-पानांचे मोठे गोळे, फांदीच्या पार टोकाशी. एकेक शेकरू अशी चार-पाच बांधून ठेवतं म्हणे. डबा खाऊन, एका खोडाला टेकून आम्ही वाट बघितली. साडेतीन-चारच्या सुमारास वर काहीतरी टकटकलं आणि डोक्यावर टरफलांचे तुकडे पडायला लागले. मागच्या पायांनी फांदी धरून, खाली डोकं करून, पुढच्या दोन हातांत फळ फिरवत जेवण चाललं होतं. तांबूस अंग, पिवळट पोट आणि अंगाहून लांब शेपूट लोंबत सोडलेली. मैत्रिणीने फोन काढेपर्यंत ते तीन झाडं पलीकडे पोचलं होतं. जमिनीवर उतरायचं नावच नाही! याच आपल्या राज्यप्राण्यासाठी १९८५ मध्ये शेजारचं भीमाशंकर अभयारण्य झालं. फांदीला फांदी लागलेली असली तरच ते टिकतं, हे मी वाचलं होतं. ती तीन झाडं बघितल्यावर नीट समजलं.

उन्हं कलली तसे राईतून बाहेर पडून कड्यावर गेलो. समोर मच्छिंद्रगड-गोरखगडाचे सुळके, खाली सगळा मुरबाडचा मुलूख धुरकट. इथून आहुपे घाट खाली खोपिवलीला उतरतो. वरच्या लोकांच्या सोयरिकी अजून खाली कोकणात आहेत, त्यामुळे वाट मोडलेली नाही. आम्ही बघत होतो तेवढ्यात त्याच वाटेने एक गृहस्थ वर आले. खांद्यावर पोत्यात बांधलेला फणस, घामाने सदरा अंगाला चिकटलेला. घाट चढून आल्यावर दोन मिनिटं टेकावं की नाही? नाही. पहिला प्रश्न, “शेवटची येस्टी गेली का वो?”

गेली होती. मग फणस मागच्या सीटवर, ते पुढे माझ्या शेजारी आणि मैत्रीण फणसाला सांभाळत, असे आम्ही निघालो. फणस पिकलेला होता. तिरपाडच्या अलीकडे सगळ्यांनी काचा खाली केल्या.