हनुवटी जरा खाली

पंगतीत कुणाला ठसका लागला की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो, "वर बघ, वर बघ!" वर फार तर पंखा फिरत असतो, त्याच्याकडे बघून घशाला काय मिळणार? उलट मान मागे गेली की श्वासनलिकेचं तोंड जास्तच उघडं पडतं. ठसक्यात हवं असतं ते पुढे वाकणं आणि मोकळं खोकणं.

हवा आणि घास यांची घशातली वाट थोडं अंतर एकच आहे. गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची झडप कलते, स्वरतंतू मिटतात आणि जेमतेम सेकंदभर श्वास थांबतो. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळला की ही उचल हाताला कळते. मान मागे टाकून गिळून बघा, घाटी ताणली जाते आणि आवंढा अडतो. तांब्यातून वरून धार सोडून पिणाऱ्यांना ही कसरत जमते खरी. आजीला मात्र करायला लावू नये.

आजीच्या बाबतीत पेलाही बघून घ्यावा. उंच, अरुंद पेला अर्धा झाला की त्याची कड नाकाला लागते आणि उरलेल्या पाण्यासाठी मान मागे न्यावीच लागते. पसरट तोंडाचं फुलपात्र अर्ध्याच्या खाली जाऊ न देता भरत राहिलं, की हनुवटी जागची हलत नाही.

भरवणारा उभा असला तर चमचा वरून येतो आणि खाणारा वर बघतो. त्यापेक्षा समोर खुर्ची घेऊन बसावं आणि चहाच्या चमच्याएवढा घास खालून न्यावा. डोक्याखाली दोन उश्या सरकवणं म्हणजे बसवणं नव्हे. त्याने नुसतं पोट दाबलं जातं. कंबर मागे टेकलेली, पाठ सरळ, पाय जमिनीवर किंवा पाटावर, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसंच. पोक काढून बसलेल्याचं बोलणंही तुटक होतं, कारण पुरेसा श्वास भरायला जागाच उरत नाही.

पक्षाघातानंतर मान कुठे वळवायची, हनुवटी किती खाली घ्यायची, हे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून तपासूनच ठरवावं. काहींना ठसका लागतच नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर संशय घ्यावा.

घास अडकलेल्याला बोलता येतंय तोवर खोकू द्यावं. आवाजच फुटेना, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधे तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. टाळूवर नव्हे, पाठीवर.